चौदा नंबरचा फ्यूज : प्रकल्प नोंदी

शनिवार, 8 फेब्रुवारी 2025

काल रात्री परतताना मागचा गाडीवाला सारखा डिपर मारत होता. मला वाटलं त्याला पुढे जायचंय, म्हणून बाजूला झालो. तो शेजारी आला, काच खाली केली आणि ओरडून म्हणाला, "तुमचे मागचे दिवे बंद आहेत!" तेव्हा कुठे लक्षात आलं की स्पीडोमीटरमागचा उजेडही गेलाय. हेडलाइट चालू असल्यामुळे मला समोरचं सगळं दिसत होतं, पण मी मात्र मागून कुणालाच दिसत नव्हतो. उरलेला रस्ता हळू, कडेने आणि हॅझर्ड लावून काढला.

आज सकाळी नीट पाहिलं. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न ठीक आहेत. ब्रेक दाबला की मागे लाल पडतं. बंद आहेत ते मागचे टेल लॅम्प, पुढचे पार्किंगचे छोटे दिवे, नंबर प्लेटचे दिवे आणि डॅशबोर्डचा उजेड. इतक्या ठिकाणचे बल्ब एकाच क्षणी उडत नसतात, तेव्हा या सगळ्यांचा करंट जिथून एकत्र येतो तिथेच काहीतरी झालंय. मागच्या दिव्याच्या एकाच काचेत दोन फिलामेंट असतात, 5 वॉटची टेलसाठी आणि 21 वॉटची ब्रेकसाठी. काच एक असली तरी फ्यूज वेगवेगळे. म्हणूनच ब्रेकचा दिवा लागतो आणि टेल लागत नाही. एवढ्यावरून निम्मा शोध संपतो.

माझ्या गाडीत फ्यूजच्या पेट्या दोन. एक बॉनेटखाली बॅटरीच्या शेजारी. तिच्यात मोठे फ्यूज आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच). दुसरी स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर, एका छोट्या झाकणामागे. दिवे, वायपर, आरसे, चार्जिंगचं सॉकेट अशी आतली कामं या दुसऱ्या पेटीत. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला आहे, पण झाकण काढून उलटं धरलं की डावं-उजवं बदलतं. त्यामुळे आधी मॅन्युअलमधलं पान उघडलं, एका टोकाचा फ्यूज आणि त्याचा आकडा जुळवून घेतला आणि मगच मोजत गेलो. टेलचा फ्यूज चौदा नंबरला, 10 अँपिअर, लाल.

किल्ली काढली, दिव्यांचा स्विच बंद केला. फ्यूज काढायचा प्लॅस्टिकचा चिमटा बॉनेटखालच्या पेटीत झाकणाच्या आत अडकवलेला सापडला. तो असताना पक्कड वापरू नये. पक्कडीने फ्यूजचं प्लॅस्टिक चिरतं आणि पाय आतच राहतात. चिमट्याने सरळ ओढला की फ्यूज टक् करून बाहेर येतो.

उजेडात धरला. दोन पायांमधला इंग्रजी यू अक्षरासारखा पत्र्याचा पूल मधोमध तुटलेला आणि आतून प्लॅस्टिकवर काळा डाग. हा डाग महत्त्वाचा. फ्यूजवर थोडासाच जास्त भार बराच वेळ राहिला तर पूल वितळून खाली वाकतो, तुटतो, पण काजळी फारशी नसते. काळं पडतं ते धातू एका क्षणात उडाल्यावर, म्हणजे बहुधा सरळ शॉर्ट झाल्यावर (करंट दिव्यातून न जाता थेट परत वळल्यावर). डाग पाहिला, मनात नोंद केली, तरी नवीन लाल फ्यूज लावला. सगळे दिवे आले. जुना फ्यूज फेकला नाही.

रविवार, 9 फेब्रुवारी

पेटी उघडलीच आहे तर सगळी तपासून स्वतःचा नकाशा करायचं ठरवलं. एका वेळी एकच फ्यूज काढायचा, काय बंद पडलं ते लिहायचं, परत लावायचा. दोन एकदम काढले की जागा बदलण्याची भीती.

रंग पाठ असले की काम झटपट होतं. 5 फिकट बदामी, 7.5 तपकिरी, 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 25 पांढरा पारदर्शक, 30 हिरवा. हे रंग जवळपास सगळ्या कंपन्यांच्या पात्याच्या फ्यूजना सारखेच असतात. आकार मात्र वेगळे. साधा फ्यूज सुमारे 19 मिलिमीटर रुंद, मिनी सुमारे 11, आणि बॉनेटखालचा मॅक्सी 29 च्या आसपास. मॅक्सीचे रंगही वेगळे चालतात. त्यात लाल म्हणजे 50. त्यामुळे रंगावर नजर टाकली तरी माथ्यावरचा आकडा वाचायचाच.

प्रत्येक फ्यूज काढून बघायची गरज नसते, हे आज मुलाला दाखवलं. फ्यूजच्या माथ्यावर दोन बारीक भोकं असतात आणि त्यांतून दोन्ही पायांचा धातू डोकावतो. टेस्ट लॅम्पचा (तार आणि टोकदार सळी असलेल्या तपासणीच्या छोट्या दिव्याचा) चिमटा गाडीच्या उघड्या धातूला लावायचा आणि टोक आधी एका भोकात, मग दुसऱ्यात टेकवायचं. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला. एकाच बाजूला लागला तर उडालेला. कुठेच लागला नाही तर त्या फ्यूजपर्यंत करंटच आलेला नाही. बहुतेक वेळा किल्ली फिरवलेली नसते किंवा स्विच बंद असतो. ही तिसरी शक्यता विसरून लोक चांगले फ्यूज बदलत बसतात.

डोळ्यावर विसंबू नये याचा एक नमुनाही मिळाला. सुट्या फ्यूजच्या डबीतला एक 15 चा निळा फ्यूज दिसायला अखंड होता, पण मल्टीमीटरचा (वीज मोजायच्या यंत्राचा) बझर, जो जोड अखंड असला की वाजतो, तो वाजेना. भिंगाखाली पाहिलं तर पुलाच्या वळणावर केसाएवढी चीर. तो बाजूला काढला.

नकाशात एक जागा रिकामी राहिली. अठरा नंबरला 7.5 चा तपकिरी फ्यूज आहे. छापील नकाशात त्यासमोर एक चिन्ह आहे, पण ते पुसट झालंय, आणि मॅन्युअलमधल्या यादीत त्या आकड्यापुढे नुसती रेघ. काढून पाहिला तर काहीच बंद पडलं नाही. परत लावला आणि वहीत प्रश्नचिन्ह टाकलं.

मंगळवार, 11 फेब्रुवारी

चौदा नंबर पुन्हा गेला. काल संध्याकाळी दिवे लावून निघालो तेव्हा सगळं ठीक होतं, वाटेत उतरलो, परत बसलो तर डॅशबोर्ड काळा. फ्यूज काढला. तसाच पूल तुटलेला, तसाच काळा डाग.

आता नुसता फ्यूज बदलून भागणार नाही. वहीत हिशोब मांडला. पुढे 5 वॉटचे दोन, मागे 5 वॉटचे दोन, नंबर प्लेटला 5 वॉटचे दोन, मिळून 30 वॉट. भागिले 12 व्होल्ट, म्हणजे अडीच अँपिअर. डॅशबोर्डचे बारीक दिवे धरले तरी तीनच्या आत. तीन अँपिअरच्या कामाला दहाचा फ्यूज दिलेला असताना तो भाराने थकून जाणं शक्य नाही. दहाचा फ्यूज दुप्पट करंटला, म्हणजे विसाला, जास्तीत जास्त पाच सेकंद टिकतो. त्याच्याही पलीकडचा करंट गेला तर क्षणार्धात उडतो. तेव्हा कुठेतरी या दिव्यांची तार दिव्यापर्यंत न पोहोचताच गाडीच्या अंगाला किंवा अर्थच्या (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या) तारेला चिकटते आहे.

ओळखीच्या एकाने फोनवर सुचवलं, "अहो, वीसचा टाका, नाही उडणार." खरंच उडणार नाही कदाचित, आणि धोका त्यातच आहे. फ्यूज बल्ब वाचवायला नसतो, तारेला वाचवायला असतो. टेलची तार बारीक, कारण तिला तीन अँपिअरच न्यायचे आहेत. वीसचा फ्यूज लावला तर शॉर्टच्या वेळी तारच फ्यूजचं काम करेल, आणि ती तार गालिच्याखालून, सीटच्या फोमशेजारून जाते. चांदीचा कागद गुंडाळलेले फ्यूज मी जुन्या गाड्यांत पाहिलेत आणि त्या शेजारचं वितळून एक झालेलं वायरिंगही पाहिलंय. त्या वासाची आठवण अजून आहे. मी त्यांना नाही म्हटलं आणि कारणही सांगितलं.

शनिवारपर्यंत गाडी रात्री काढायची नाही.

शनिवार, 15 फेब्रुवारी

आजचा दिवस शोधाचा.

आधी सोपी ठिकाणं. सहाही बल्ब काढले. टेलच्या होल्डरमध्ये एकाच फिलामेंटचा चुकीचा बल्ब बसवला तर त्याच्या बुडाचा एकच मोठा ठिपका दोन्ही संपर्क जोडतो आणि फ्यूजला त्रास देतो, तसं नव्हतं. होल्डर वितळलेले नव्हते, पाणी साचलेलं नव्हतं. पुढच्या डाव्या होल्डरला थोडा हिरवा गंज होता, तो घासून काढला.

आता शॉर्ट शोधायचा तर दर वेळी एक फ्यूज घालवायचा का? त्यापेक्षा जुनी युक्ती बरी. उडालेल्या फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन भोकांत एकेक तार सोल्डर केली (धातू वितळवून जोडली). सोल्डरचं तापलेलं टोक जास्त वेळ टेकवलं तर प्लॅस्टिक मऊ पडतं, म्हणून दोनदा थोडं थोडं. तारांच्या दुसऱ्या टोकांना होल्डर आणि त्यात 21 वॉटचा बल्ब. हा उडालेला फ्यूज चौदा नंबरात बसवला. म्हणजे फ्यूजच्या जागी आता बल्ब.

यामागचं तत्त्व मला फार आवडतं. पुढे शॉर्ट असेल तर बॅटरीचे सगळे 12 व्होल्ट या बल्बवरच येतात आणि तो लखलखीत पेटतो, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही. तार तापत नाही, काही उडत नाही. शॉर्ट नसेल आणि दिव्यांचे बल्ब काढलेले असतील तर करंटला वाटच उरत नाही आणि बल्ब काळा राहतो. डॅशबोर्डचे दिवे तेवढे आहेत, पण त्यांच्या किरकोळ करंटने 21 वॉटची फिलामेंट साधी लालही होत नाही. आपण निवांत तारा हलवत बसायचं आणि बल्बने सांगायचं.

स्विच चालू केला. बल्ब काळा. म्हणजे या क्षणी शॉर्ट नाही. दोष येऊन-जाऊन असतो.

मुलाला ड्रायव्हरच्या सीटशेजारी बल्ब समोर धरून बसवलं आणि मी तारा चाचपायला लागलो. डॅशबोर्डखाली, काहीच नाही. स्टीअरिंगचा कॉलम वर-खाली केला, काही नाही. दाराच्या पायरीची पट्टी उचलून मागे जाणारा जुडगा दाबत गेलो. मागच्या सीटची बाजू, चाकाचा घुमट, दोन्ही टेल लॅम्पच्या मागचे कोपरे. पाऊण तास गेला. इथे कंटाळा येतो आणि माणूस घाई करतो, पण घाईत ओढलेल्या तारा नवीन दोष जन्माला घालतात. एकच जागा सोडली नाही असं मनाला पटेपर्यंत हळूच जायचं.

उजवा टेल लॅम्प नीट पाहावा म्हणून डिकीचं दार अजून वर ढकललं आणि पुढून आवाज आला, "बाबा, लागला!"

हात आहे तिथेच थांबवला. दार दोन बोटं खाली आणलं. "विझला."

वर. "लागला. एकदम जोरात."

तेव्हा सगळं जुळलं. त्या शुक्रवारी रात्री वाटेत थांबून डिकीतून पिशव्या काढल्या होत्या, पार्किंगचे दिवे चालू ठेवून. सोमवारीही तेच. मी पंधरा दिवसांतले खड्डे, पाऊस, हेडलाइट आठवत होतो; डिकी आठवलीच नव्हती. फ्यूज गाडी चालताना नव्हे, उभी असताना उडत होता.

डिकीच्या दारावर नंबर प्लेटचे दिवे आहेत. त्यांची तार छतातून दारात जाते ती बिजागरीशेजारच्या, भात्यासारख्या घड्या असलेल्या रबरी नळीतून. दार उघडलं की नळी ताणते, बंद केलं की दुमडते, दिवसातून चार-पाच वेळा, वर्षानुवर्षं. नळी दोन बोटांत धरून नुसती पिळली. बल्ब लागला, विझला, लागला.

रविवार, 16 फेब्रुवारी

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली. पॉझिटिव्ह आधी काढली आणि पाना गाडीच्या अंगाला टेकला तर सरळ बॅटरीचाच शॉर्ट होतो; निगेटिव्ह निघाल्यावर तो धोका राहत नाही. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवावा. छताच्या कडेला पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे. त्यांना हात लावायचा नाही.

रबरी नळीचं छताकडचं टोक दाबून बाहेर काढलं आणि नळी मागे सरकवली. आत आठ तारा. वरून सगळ्या ठीक वाटत होत्या. एकेक वेगळी करून वाकवली तेव्हा खरं दिसलं. बरोबर जिथे नळी दुमडते तिथे नंबर प्लेटच्या तारेचं प्लॅस्टिक कडक होऊन गोल चिरलं होतं, दोन मिलिमीटर तांबं उघडं, तेही काळपट. तिला खेटून अर्थची जाड काळी तार, तीही त्याच उंचीवर चिरलेली. दार वर गेलं की नळी ताणून दोन्ही उघडी तोंडं एकमेकांवर दाबली जायची. काळ्या तारेचे निम्मे बारीक धागे तुटलेले होते; मागचा वायपर गेले काही महिने दमल्यासारखा का चालायचा, तेही कळलं. तिसरी एक तार अजून उघडी पडली नव्हती, पण नखाने दाबताच तिचं प्लॅस्टिक फुटलं.

यावर नुसती चिकटपट्टी गुंडाळणं मला मान्य नव्हतं. त्या वळणावर ती महिन्याभरात सुटते. आणि तिथेच सोल्डरचा सांधा केला तर सोल्डर लागलेला भाग ताठ होतो आणि त्याच्या कडेला तार नव्याने तुटते. म्हणून तिन्ही तारांचा वळणारा भाग पूर्ण काढून टाकला आणि मऊ, बारीक धाग्यांची, तेवढ्याच जाडीची, थोडी लांब नवीन तार घातली. सांधे नळीच्या बाहेर, एका बाजूला छताच्या आत, दुसऱ्या बाजूला दाराच्या पत्र्याआड, जिथे काहीच हलत नाही. तिन्हींचे सांधे एका रेषेत न ठेवता मागेपुढे केले, नाहीतर तिथे गाठ होते आणि नळीचं टोक बसत नाही. हीट श्रिंकची (तापवली की आवळून बसणारी) नळी सोल्डर करण्याआधी तारेत ओवून लांब सरकवून ठेवली, म्हणजे सोल्डरच्या उष्णतेने आधीच आवळत नाही.

नवीन तारा रबरी नळीतून ओढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आत सिलिकॉन स्प्रे मारला, जुन्या तारेच्या टोकाला दोरा बांधला आणि दोऱ्याने नव्या तारा ओढून घेतल्या. तेल किंवा ग्रीस लावलं नाही. त्याने रबर फुगतं.

बॅटरी जोडण्याआधी मीटरने पाहिलं: चौदा नंबरच्या पुढची बाजू आणि अर्थ यांच्यात, बल्ब काढलेले असताना, दार वीस वेळा वर-खाली केलं तरी बझर गप्प. मग बॅटरी, मग परत बल्बवाला फ्यूज. मुलगा बल्बकडे बघत, मी दार हलवत. काळाच. सहा बल्ब परत बसवले आणि नवीन 10 चा लाल फ्यूज लावला. वायपरही पहिल्यासारखा सपकन फिरला.

मंगळवार, 18 फेब्रुवारी

करंट मोजून ठेवला, पुढे कधी शंका आली तर तुलना करायला. फ्यूज न काढताही अंदाज येतो. 10 च्या साध्या फ्यूजचा रोध साधारण 7 ते 8 मिलिओहम असतो, म्हणून माथ्यावरच्या दोन भोकांत मीटरची टोकं लावून मिलिव्होल्ट वाचायचे. दिवे चालू असताना 20 आले, म्हणजे अडीचच्या किंचित वर. मग फ्यूज काढून मीटर सरळ मध्ये जोडला: 2.6 अँपिअर. हिशोब आणि मोजणी जुळली की मनाला जे बरं वाटतं ते नुसत्या पेटलेल्या दिव्यांनी वाटत नाही.

रविवार, 23 फेब्रुवारी

एसीच्या पंख्याच्या फ्यूजचं एक काम राहिलं होतं. नकाशा करताना त्याचा एक पाय तपकिरी आणि त्या बाजूचं प्लॅस्टिक थोडं वितळलेलं दिसलं होतं, पण पूल शाबूत. हा करंट जास्त झाल्याचा दोष नव्हे. खालची पकड सैल पडली की तिथेच उष्णता होते, आणि फ्यूज न उडता जळत राहतो. अशा ठिकाणी नुसता नवीन फ्यूज टोचला तर तोही तसाच जळेल. बॅटरी काढून पेटीतली ती पकड साफ केली, बारीक पिनने किंचित आवळली, नवीन फ्यूज घट्ट बसतो हे पाहिलं. पंखा पूर्ण वेगात वीस मिनिटं चालवून फ्यूजला बोट लावलं: कोमट. पकड परत सैल झाली तर तेवढं टर्मिनल बदलावं लागेल.

शनिवार, 29 मार्च

सहा आठवडे झाले. डिकी रोज उघडतो, बरेचदा दिवे लावूनच, मुद्दाम. पहिल्यांदा उघडताना मुलगा पुढे धावत जाऊन डॅशबोर्ड बघायचा. आता जात नाही.

आज त्याने गाडी पुसताना बाहेरचे आरसे हाताने आत मुडपले. मी किल्ली फिरवून ते सरळ करायला बटण दाबलं तेव्हा डोक्यात आलं. अठरा नंबरचा तपकिरी फ्यूज काढला, बटण दाबलं. आरसे हलले नाहीत. लावला, हलले. नकाशा करताना मी दिवे, वायपर, काचा, रेडिओ, सगळं तपासलं होतं, आरशांचं बटण राहिलं होतं.

प्रश्नचिन्ह खोडून तिथे "आरसे" लिहिलं, नकाशा स्वच्छ उतरवून झाकणाच्या आत चिकटवला आणि त्याखाली डबीत दोन लाल, दोन निळे, एक पिवळा आणि एक तपकिरी फ्यूज ठेवले. चौदा नंबरात 16 फेब्रुवारीचाच फ्यूज आहे.